घराचं वीजबिल कमी करून देणारे स्टार्टअप: कामाचे की नुसते सेल्समन?

फ्यूजवायर:
एका मित्राने स्टार्टअप काढलंय. घरमालकाकडे जायचं, घर तपासायचं, वीज-गॅस कुठे वाया जातोय ते दाखवायचं आणि मग छताचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), खिडक्यांच्या फटी, हीट पंप (घर गरम करणारं विजेवरचं यंत्र) ही सगळी कामं आपल्याच माणसांकडून करून द्यायची. तपासणी फुकट, पैसे कामातून. मला यातच खोट दिसते. जो मोजणार तोच विकणार, तर रिपोर्टमध्ये "तुमचं घर ठीक आहे, काही करू नका" असं कधी येईल का? तपासणीचे पैसे वेगळे घ्या आणि काम कुणाकडूनही करून घ्यायची मोकळीक द्या. काय म्हणता?

निवांत:
पैसे लावले की कोणी तपासणी करणारच नाही, विषय संपला. अहो लोकांना कळत नाही असं नाहीये, उरक नसतो. इन्सुलेशनवाला वेगळा, खिडकीवाला वेगळा, इलेक्ट्रिशियन वेगळा, सबसिडीचा फॉर्म वेगळा, आणि प्रत्येक जण येऊन आधीच्याने काय घोळ घातला तेच सांगत बसणार. हे सगळं कुणी अंगावर घेतलं आणि चार पैसे कमावले तर बिघडलं कुठे?

तिरकस:
ब्रिटनमध्ये २०१३ला ग्रीन डील नावाची सरकारी योजना आली होती. आधी तपासणी, मग कामासाठी कर्ज, हप्ता वीजबिलातून, आणि हप्ता अंदाजे बचतीपेक्षा जास्त नको असा नियम. कागदावर झकास! घेणारेच फार थोडे निघाले, २०१५मध्ये सरकारने पैसा थांबवला. सगळं एका छताखाली आणलं की लोक धावत येतात हे काही खरं नाही.

खिडकीतला_वारा:
मी तपासणीचंच काम करतो म्हणून बोलतो. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतो, आत-बाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक झाला की स्विचबोर्डच्या भोकातून, माळ्याच्या झाकणाच्या कडेने वारा हाताला लागतो. हे खोटं करता येत नाही. उष्णता रंगांत दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याचं मात्र जपून, तापमानाची स्केल ऑटोवर ठेवली की एक-दोन डिग्रीच्या फरकाला पण भिंत लाल-निळी दिसते आणि घरमालक घाबरून सही करतो. फोटोवर स्केल छापलेली नसेल तर सरळ विचारा.
आणि क्रम बघा. आधी फटी, मग इन्सुलेशन, शेवटी हीट पंप, कारण घर घट्ट झालं की पंप लहान लागतो. पहिल्याच भेटीत पंप विकायला आला तर त्याला मार्जिन दिसतंय, तुमचं घर नाही. फटी बुजवण्यात कुणाला काय मिळणार?

निवांत:
मग हे सगळ्यांनाच लागू की! चांगला स्टार्टअप हाच क्रम पाळेल. सगळ्यांना एका माळेत का ओवता?

तिरकस:
चांगला पाळेल हो, पण घाईत असलेला? ऑस्ट्रेलियात २००९मध्ये छताखाली इन्सुलेशनची सरकारी योजना आली, पैसा दिसला तशा नवख्या कंपन्या उगवल्या, ४ कामगार दगावले आणि २०१०च्या फेब्रुवारीत योजना गुंडाळली. फटी बुजवल्या आणि हवा खेळती ठेवली नाही तर ओल, बुरशी, आत गॅसचं उपकरण असेल तर कार्बन मोनॉक्साइड. हे ज्याला कळतं त्यालाच घरात घ्या.

निवांत:
ते मान्य, पण मग ट्रेनिंग आणि लायसन्स मागा ना, विकण्यावरच बंदी कशाला? आणि भाडेकरूंचं काय? खर्च मालकाचा, बिल भाडेकरूचं, तिथे तर कोणीतरी मागे लागल्याशिवाय पान हलत नाही.

फ्यूजवायर:
बंदी कुठे म्हटलं मी? मापणारा आणि विकणारा वेगळे ठेवा एवढंच. मित्राला फोन केला, म्हटलं बचतीची गॅरंटी देतोस ना, मग ती मोजतोस कशी? म्हणाला सॉफ्टवेअर सांगतं. घराची मागच्या वर्षाची बिलं घेतोस का, तर म्हणे क्वचित.

खिडकीतला_वारा:
बिलं न बघता गॅरंटी?! एखादा हिवाळा सौम्य गेला तरी बिल उतरतं. उलट घर उबदार झालं की लोक थर्मोस्टॅट दोन डिग्री वर करतात, बचत तिथेच जिरते. आधीच्या बारा महिन्यांचे युनिट करारात लिहून घ्या, हवामानाचा फरक वजा कसा करणार तेही लिहा, आणि कमी पडलं तर फरक कोण भरणार ते सहीच्या आधी.

निवांत:
एवढा करार वाचायला उरक असता तर मी खिडकीच्या फटी स्वतःच नसत्या बुजवल्या का 😄