मदत हवी आहे: आईचा कोरडा खोकला जात नाही, काढ्यात अजून काय घालू?

धायरीकर: सगळं करून दमले म्हणून इथे विचारतेय. आई, वय ६६. दीड महिना कोरडा खोकला. कफ नाही, ताप नाही. रात्री पाठ टेकली की सुरू. आलं, तुळस, मिरी, दालचिनी, गवती चहाचा काढा दोन वेळा देते. हळद-दूध, मिठाच्या गुळण्या, गालात लवंग, सगळं झालं. एक्स-रे स्वच्छ आहे. काढ्यात अजून काय घालावं तेवढं सांगा. 'डॉक्टरांकडे जा' लिहू नका, जाऊन आलोय.

आजीचा_बटवा: अडुळशाची पानं वाफवून रस काढा, मधातून द्या. आमच्याकडे तीन पिढ्या हेच चालतं.

पेठेतला: हळद-दुधात मिरपूड आणि थोडं तूप घालता का? मिरीतल्या पायपरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन अंगी लागतं. नुसती हळद बरीचशी तशीच बाहेर पडते.

आजीचा_बटवा: खोकल्यात रात्री दूध? आधी ते बंद करा.

पेठेतला: कफ नाही असं त्या लिहितायत. नीट वाचा.

सुगरण_कोथरूड: थंडीत हळिवाचे लाडू द्या, नारळाच्या पाण्यात भिजवून. माझे केस गळायचे थांबले. मंडईत चांगले हळीव कुणाकडे मिळतात?

औषधवाले_काका: ताई, आईंना बीपी, शुगर आहे का? गोळ्या कुठल्या चालू आहेत?

धायरीकर: काका, प्रश्न खोकल्याचा आहे. बीपी आहे, पंधरा वर्षांपासून. गोळी एकदाही चुकवत नाही.

औषधवाले_काका: पट्टीवरचं नाव वाचून लिहा. हल्ली बदलली का? आणि काढ्याला गोडी कशाने आणता?

नवीन_आजोबा: नातू नऊ महिन्यांचा आहे, त्यालाही खोकला आहे. मध चाटवू का?

पेठेतला: अजिबात नको. वर्षाच्या आत मध देत नाहीत, बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो. बाळाला डॉक्टरांना दाखवा.

धायरीकर: रामिप्रिल ५. दोन महिन्यांपूर्वी बदलून दिली. गोडीला ज्येष्ठमध, ते लिहायचं राहिलं. शिवाय कांडी दिवसभर तोंडात असते तिच्या. बीपी हल्ली १५८/९४ येतंय, खोकून खोकून वाढलं असेल. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसतो.

औषधवाले_काका: ज्येष्ठमध आजच बंद करा. त्यातल्या ग्लायसिरायझिनमुळे अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि बीपी चढतं. दुसरं, नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्यांनी काहींना असाच कोरडा खोकला लागतो. तो काढ्याने जाणार नाही. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. उद्या सकाळी बीपीच्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, पोटॅशियम तपासायचं का विचारा. ओठ, जीभ सुजली तर मात्र सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आजीचा_बटवा: ज्येष्ठमध आपलं शेकडो वर्षांचं औषध आहे. इंग्रजी गोळ्या सोडून त्यालाच बोल?

औषधवाले_काका: दोष गोळीलाही दिलाय की. वैद्यसुद्धा मात्रा ठरवून, माणूस बघून देतात. दिवसभर कांडी चघळायला कुठला वैद्य सांगतो?

धायरीकर: एक्स-रे सांगितला ते डॉक्टर वेगळे, त्यांना बीपीच्या गोळीचं बोललोच नाही. आईच्या उशाशी डबीत अकरा कांड्या निघाल्या. आले-तुळशीचा साधा काढा चालेल ना?

औषधवाले_काका: अर्धा कप, पातळ. चालेल.

धायरीकर: (दोन दिवसांनी) गोळी बदलली. पोटॅशियम ३.२ आलंय, कमी आहे म्हणाले, त्याचंही औषध दिलं. खोकला जायला एक ते चार आठवडे लागतील, क्वचित जास्तही. काल रात्री तीनदा उठली, पण पहाटे सलग दोन तास झोपली. काका, तुम्ही गोळीचं नाव विचारलंत तेव्हा मी चिडले होते. माफ करा.