वर्षाला दहा हजार किमी फिरणाऱ्या घराने हायब्रिड घ्यावी का?

धरमपेठी हिशेबनीस
आधी एक घोळ मिटवू. 'स्मार्ट हायब्रिड' असा बिल्ला असलेली मारुतीची ग्रँड व्हिटारा ही माइल्ड हायब्रिड. तिची छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, एकटी चाक फिरवत नाही. प्रश्न स्ट्राँग हायब्रिडचा आहे, जिची मोटर एकटीही गाडी चालवू शकते: ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडरची महागडी मॉडेलं, होंडा सिटी, टोयोटा इनोव्हा हायक्रॉस.

माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नये. नागपूर शहरात एसी लावून साधी मॅन्युअल लिटरला १४ किमी देते, हायब्रिड २१ देते असं धरा. १०,००० किमीला ७१४ लिटर आणि ४७६ लिटर. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर वर्षाला पावणेपंचवीस हजार वाचले. शोरूम किमतीत अडीच लाखांचा फरक धरा, वर १२ टक्के रस्ता-कर (१० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला लागतो तोच), झाले २ लाख ८० हजार. फिटायला अकरा वर्षं! त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीतलं झुकतं मापही गेलं. आधी हायब्रिडला ४३ टक्के आणि तशाच पेट्रोल गाडीला ४५ ते ५० टक्के पडायचे, आता दोघींना ४०.

मनीषनगरची चालक
भाऊ, गणित बरोबर आहे, जोडी चुकली. हायब्रिड ऑटोमॅटिकच येते, मग मॅन्युअलशी कशाला तोलता? त्याच सोयींच्या ऑटोमॅटिकसमोर ठेवा. दीड लाखांचा फरक धरला तर करासह १ लाख ६८ हजार. ऑटोमॅटिक शहरात १३ देत असेल तर वर्षाला २९३ लिटर, म्हणजे साडेतीस हजार वाचतात. साडेपाच वर्षांत वसूल. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, म्हणजे वसुली वॉरंटीच्या आतच.

धरमपेठी हिशेबनीस
ताई, ज्याला ऑटोमॅटिक घ्यायचीच आहे त्याच्यापुरतं मान्य. पण ते २१ कुठे मिळतात? सीताबर्डी, मेडिकल चौक अशा थांबत-चालत रस्त्यांवर. वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावरून सरळ बुटीबोरी गाठणाऱ्याला ब्रेकच कमी लागतात. ब्रेक दाबताना तयार होणारी वीजच नाही, मग बॅटरीत परत काय जाणार? समृद्धीवर १२०ने तर इंजिन सतत चालूच.

मिहान ते महाल
मे महिना विसरले का राजेहो? पारा ४५ला, एसी फुल. हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असताना गारवा टिकतो हे खरं. पण ग्रँड व्हिटाराची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची, सिग्नलवर ती भराभर उतरते आणि इंजिन सुरू होतं. कंपनीच्या कागदावरचे लिटरला २७.९७ किमी त्या महिन्यात कोणी मागू नयेत.

गॅरेजवाला, कामठी रोड
पैशाचं तुम्ही पाहा. गाडी बिघडते कशानं ते सांगतो.

बॅटरी थंड ठेवणारा पंखा केबिनमधलीच हवा ओढतो. त्याच्या जाळीपुढे पिशव्या रचल्या किंवा फिल्टर धुळीनं बसला की बॅटरी तापते, गाडी ताकद कमी करते आणि शेवटी इशारा दिवा लागतो. प्रत्येक सर्व्हिसला फिल्टर काढून दाखवायला सांगा. जाळी नेमकी कुठे ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्या, प्रत्येक मॉडेलची जागा वेगळी.

सिग्नलवर एन (न्यूट्रल) टाकायची सवय सोडा. एनमध्ये मोटर चालवणारी मोठी बॅटरी भरत नाही, एसी मात्र तिलाच खातो. डीमध्ये (ड्राइव्ह) ठेवून ब्रेक दाबा.

सगळ्यात जास्त दगा देते ती साधी १२ व्होल्टची बॅटरी. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी' (चालायला तयार) होत नाही. सुट्टीत गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा मोकळ्या जागी 'रेडी' करून अर्धा तास ठेवा. नुसतं इग्निशन ऑन केलं तर ती उलट उतरते.

बंद पडलेली गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. फ्लॅटबेडच बोलवा. आणि जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलला बाहेरच्या इलेक्ट्रिशियनला हात लावू देऊ नका.

जमेची बाजूही सांगतो. टोयोटा-मारुतीच्या या गाड्यांत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. ब्रेक पॅड तर आरामात जास्त चालतात.

मिहान ते महाल
आणि डिकी? हायरायडर हायब्रिडला २६५ लिटर, साधीला ३७३. चार जणांच्या लग्नाच्या बॅगा भरून पाहा, मग बोला.

मनीषनगरची चालक
ही उणीव खरी, ग्रँड व्हिटारालाही लागू. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरच्या दोन बॅगा सोबत न्या. ड्राइव्हही शोरूमच्या चकरेची नको, संध्याकाळी सहाला व्हरायटी चौकातून, एसी चालू, मागे तिघं बसवून. निघताना ट्रिप मीटर शून्य करा. जो आकडा येईल तो हिशेबनीस भाऊंच्या २१च्या जागी टाका.

धरमपेठी हिशेबनीस
टाका की. १८ आला तर तुमच्या ऑटोमॅटिकसमोर सुद्धा बचत बावीस हजारांवर येते, वसुली साडेसात वर्षं. मी माझ्या जागी आहे.