आज देशापुढचा सर्वात गंभीर प्रश्न कोणता: भूजल की बेरोजगारी?

सोलापूरकर

माझी मुलगी अकरावीत आहे. महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत तिला ‘आज देशापुढील सर्वात गंभीर समस्या’ हा विषय मिळाला असून तिने भूजलाचा उपसा निवडला आहे. मी तिला बेरोजगारीवर बोलण्यास सुचवले. देशातील काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोक आजही शेतीत असताना देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. जवळजवळ निम्म्या लोकांनी पंचमांशाहून कमी वाट्यावर गुजराण करायची आणि त्यांच्या पदवीधर मुलांनी पुण्याच्या पेठांमधील अभ्यासिकांत तिशी उलटेपर्यंत भरतीच्या जाहिरातींची वाट पाहायची, याहून गंभीर काय असणार? यावर तिने विचारले की, प्रश्नाचे गांभीर्य आज किती लोकांना झळ बसते यावरून ठरवायचे, की उद्या तो सोडवण्याची संधी किती उरेल यावरून? मला उत्तर सुचले नाही. जाणकारांनी आपले मत द्यावे. मुलगीही वाचणार आहे.

कातळ

माझी सारी नोकरी भूजल सर्वेक्षणात झाली, तेव्हा माझा कल कुठे असेल हे उघड आहे. तो वजा करूनच वाचावे.

आपल्या मुलीने कसोटी योग्य लावली आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग बेसाल्टच्या काळ्या कातळाने व्यापलेला आहे, आणि या कातळात पाणी राहते ते मुख्यतः वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात आणि भेगांत. जुन्या विहिरी चाळीस-पन्नास फुटांवर थांबत, कारण त्याहून खाली जाण्याची साधने आणि ऐपत नव्हती. पण त्यामुळे उपसा आपोआप त्या थरापुरता राहिला, जो चांगल्या पावसाळ्यात पुन्हा भरत असे. सहाशे-आठशे फुटांवर बोअरला लागणारे पाणी तसे नसते. तेथील भेगा अरुंद असतात, एकमेकींशी जोडलेल्या असतीलच असे नाही, आणि त्यांत पाणी झिरपायला लागणारा काळ एखाद-दुसऱ्या पावसाळ्याचा नसतो. शिवाय खोल बोअर वरच्या थरातील पाणीही खाली ओढून घेते आणि शेजाऱ्याची विहीर आटवते, म्हणून शेजारी आणखी शंभर फूट खाली जातो. मग पाणाड्या हातावर नारळ धरून शिवारभर फिरतो, कर्ज काढून तीन बोअर पाडल्या जातात आणि तिन्ही फेल जातात. ही मालिका मी इतक्या गावांत पाहिली आहे की, आता गावांची नावे एकमेकांत मिसळतात.

उत्तरेत खडक निराळा, गाळाचा, आणि साठाही प्रचंड. तरी तेथेही हीच दिशा आहे. गुरुत्वाकर्षणातील बदल मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासानुसार २००२ ते २००८ या काळात पंजाब, हरियाणा (दिल्लीसह) आणि राजस्थान या पट्ट्यातून सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल कमी झाले. आपल्याकडच्या मापाने सांगायचे तर उजनी धरण साधारण ११७ टीएमसीचे, म्हणजे ३.३ घनकिलोमीटरचे आहे. अशी तेहतीस उजनी धरणे जमिनीखालून गेली आणि वरून कोणाला दिसलीही नाहीत. धरण आटले की वर्तमानपत्रात छायाचित्र येते. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते सर्वांना आठवते. परंतु त्याआधी लातूर परिसरातील बोअर वर्षानुवर्षे खोल जात होत्या, ते कोणाच्या स्मरणात नाही.

दोन एकर ऊस

वरील प्रतिसादातील भूशास्त्र मला मान्य आहे, पण पाणी उपसणारा माणूस त्यात शेजाऱ्याशी स्पर्धा करणारा हट्टी म्हणून येतो, त्याबद्दल चार शब्द लिहितो.

मी ऊस लावतो, तेव्हा ऊस किती पाणी पितो हे मला ठाऊक असते. मला हेही ठाऊक असते की कारखाना उशिरा का होईना ऊस उचलेल आणि कायद्याने ठरलेल्या दराची, अर्थात एफआरपीची, काही तरी शाश्वती राहील. तुरीचे काय होते? २०१६-१७ मध्ये पाऊस चांगला झाला, सरकारने डाळी लावा म्हणून सांगितले होते, बोनससह ५,०५० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला होता. आणि तूर विक्रमी आल्यावर बाजारभाव त्याच्या खाली गेला, खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या, कुठे बारदाना संपला तर कुठे खरेदीच थांबली. त्या रांगेत मीही पोत्यांवर झोपलो आहे. पुढच्या वर्षी मी तुरीऐवजी ऊस लावला, तो पाण्याचा अपमान करण्यासाठी नव्हे.

म्हणून मला सोलापूरकरांचे म्हणणे अधिक पटते. माझ्या दोन मुलांपैकी एकाला जरी कायमची नोकरी असती, तर अर्धे रान मी ज्वारी-हरभऱ्यावर सोडले असते. हाताला दुसरे काम नाही म्हणून माणूस जमिनीत खोल जातो. शिवाय ‘बेरोजगारी नंतरही दूर करता येईल’ असा जो सूर आपल्या मुलीच्या प्रश्नात आहे, तो मला मान्य नाही. पंचविशी ते पस्तिशीची दहा वर्षे गेली, तर ती कोणत्या पावसाळ्यात भरून येतात?

काळा कोट

व्यवसायामुळे मी न्यायालयातील पाच कोटींहून अधिक प्रलंबित खटल्यांचे नाव घेईन, अशी अपेक्षा असेल. पण तो स्वतंत्र चर्चेचा विषय आहे.

येथे कायद्याचा एकच मुद्दा मांडतो. आपल्या जमिनीखालचे पाणी काढून घेण्याचा जमीनमालकाचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातून चालत आला आहे. ज्या काळात पाणी मोटेने उपसले जात होते, त्या काळचा हा विचार आहे. पाणी मात्र बांध ओळखत नाही, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचा या पाण्यावर हक्क कोणता, हा प्रश्न त्या विचारात बसत नाही. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा असून तो २०१४ मध्ये अमलात आला. अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीस त्यात मनाई आहे. रात्री बोअरची गाडी गावात येते तेव्हा ही मनाई राबवायची कोणी, याचे उत्तर आपण सगळे जाणतो.

लुधियानाहून

नोकरीनिमित्त पंजाबात असल्यामुळे एक अनुभव नोंदवतो. येथील भूजलाचा वार्षिक उपसा पुनर्भरणक्षम साठ्याच्या दीडपटीहून अधिक आहे. शेतीपंपांची वीज १९९७ पासून मोफत आहे आणि गहू-भाताची सरकारी खरेदी खात्रीची आहे. दोन एकर ऊसवाल्यांना जी शाश्वती हवी आहे ती येथे मिळाली, पण तिने भूजल वाचवले नाही. २००९ मध्ये राज्याने कायदा करून १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास बंदी घातली, म्हणजे कडक उन्हाळ्यात होणारा उपसा थांबावा. हेतू योग्य होता. परंतु कापणी पुढे गेली, गहू पेरण्यापूर्वी रान मोकळे करायला मोजके दिवस उरले आणि पराली, म्हणजे भाताचे उरलेले खुंट व पेंढा, जाळण्याचा काळ नेमका दिल्लीत हवा साचण्याच्या काळाला जाऊन भिडला. मुलीने ‘सर्वात गंभीर’ समस्या अवश्य निवडावी, मात्र तिच्यावरचा उपाय दुसरी कोणती समस्या वाढवतो, हेही भाषणात घ्यावे.

कातळ

ऊसवाल्यांचा तुरीचा मुद्दा मी मान्य करतो, आणि माझ्या प्रतिसादात ती बाजू आली नव्हती हेही. पंजाबच्या उदाहरणात शाश्वती होती, पण ती भरपूर पाणी पिणाऱ्या भाताला होती, एवढे लक्षात घ्यावे. आपल्याकडेही ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून वीज मोफत झाली आहे, म्हणून पंजाबकडे पाहणे आवश्यक आहे. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे नाव आता कोणीतरी घेईलच, तेव्हा मीच घेतो: तेथे ग्रामसभा पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पिके ठरवते, शेतीसाठी बोअर घेत नाहीत, ऊस लावत नाहीत. मात्र पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली ही घडी बसायला अनेक वर्षे लागली, आणि तिची नक्कल शासन निर्णय काढून होत नाही.

सोलापूरकर

सर्वांचे आभार. मुलीने विषय बदललेला नाही, परंतु ‘पाणी की नोकरी’ अशी मांडणी तिने खोडली असून तुरीचा प्रसंग सुरुवातीला घेतला आहे. माझे मत अजूनही बेरोजगारीकडेच झुकते. तिला आमच्याच तालुक्यातील पातळीचे आकडे हवे आहेत. ते कोठे मिळतील?

कातळ

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारावे. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तिने एकाच विहिरीच्या मे महिन्याच्या नोंदी सलग पंधरा-वीस वर्षांच्या घ्याव्यात आणि शेजारी त्या-त्या वर्षाचा पाऊस लिहावा. ऑक्टोबरच्या नोंदींवर विसंबू नये. पावसाळ्यानंतर सगळ्याच विहिरी बऱ्या दिसतात.