ऊवेला मराठीत काय म्हणावं? माणूसघाणा, तिरसट, खडूस की तुसडा?

स्वीडिश लेखक फ्रेडरिक बाकमनच्या ‘अ मॅन कॉल्ड ऊवे’ या २०१२ सालच्या कादंबरीतला ऊवे ५९ वर्षांचा आहे. बायको गेलेली, नोकरीही सुटलेली. रोज सकाळी वसाहतीत फेरी मारायची, कुणी भलत्याच जागी गाडी लावलीय का ते बघायचं, आणि ‘साब’ या स्वीडिश कंपनीची सोडून दुसरी गाडी घेणाऱ्याला हिशेबातच धरायचं नाही, असा त्याचा खाक्या.

त्याच्यासाठी पटकन सुचतो तो शब्द ‘माणूसघाणा’. मला तो मुळीच पटत नाही. माणूसघाण्याला माणसांचाच वीट असतो, तो दार उघडणारच नाही. ऊवे दार उघडतो, खेकसतो आणि वर शिडीही देतो. ‘एकलकोंडा’ अर्धाच लागू पडतो, कारण तो मवाळ शब्द आहे. बुजरं पोरही एकलकोंडं असतं. ऊवे गप्प कुठे बसतो? ‘तिरसट’ म्हणजे सरळ विचारलं तरी वाकडं उत्तर देणारा. जवळचा शब्द आहे, पण कोरडा.

माझं मत ‘तुसडा’ला. आपण ‘तुसडेपणाने बोलला’, ‘तुसडेपणाने वागला’ म्हणतो. दोष वागण्या-बोलण्याच्या तऱ्हेला लागतो, माणसाच्या मनाला लागत नाही. नवीन शेजाऱ्याला ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेता येत नाही, तो प्रसंग आठवा. ऊवे करवादतो, त्याला गाडीतून उतरवतो आणि स्वतः चालकाच्या जागी बसून ट्रेलर बिनचूक लावून देतो. हा शेजारधर्मच झाला, फक्त तुसडेपणाने पाळलेला. ‘शेजारधर्म’ या शब्दात प्रेमाची अट नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. शेजारी आवडो न आवडो, करायचं ते करायचंच. नियमाला चिकटून राहणाऱ्या ऊवेला हा शब्द चपखल बसतो.

तरी ‘खडूस’ टाकून देऊ नये. तो बोलीतला, लिंगाप्रमाणे न बदलणारा (खडूस बाई, खडूस म्हातारा) आणि आता लाडानेही वापरला जाणारा. ‘तुसडा’ कुणी लाडाने म्हणत नाही. शेजारणीची तीन वर्षांची मुलगी चित्रात बाकी सगळ्यांना काळ्या रंगात काढते, ऊवेला मात्र रंगीत. त्या चित्रातल्या ऊवेला तुसडा म्हणवत नाही. मी अनुवाद केला, तर निवेदकाच्या तोंडी ‘तुसडा’ ठेवीन आणि शेजारणीच्या तोंडी ‘खडूस’.