पाइप तापतो तो ओल्या तंबाखूमुळेच. वाळवल्याशिवाय भरू नका!

कातळसडा (धागाकर्ता)
पाइप हातात धरवत नाही, जीभ पोळते, तळाशी गुरगुर होते. या तिन्ही तक्रारींचं मूळ माझ्या मते एकच आहे, ओली तंबाखू. आपण डबा उघडतो आणि तशीच भरतो. डब्यातली तंबाखू मऊ राहावी म्हणून तिला बरेचदा प्रॉपिलीन ग्लायकॉल लावलेलं असतं. पण ती मऊ ठेवतात दुकानात टिकावी म्हणून, ओढायला तेवढी ओल लागत नाही. ओली तंबाखू विझते, मग आपण पुन्हा काडी लावतो, जोरजोरात ओढतो आणि लाकूड तापतं. वर पाण्याची वाफ होते, ती जिभेवर आली की तिथेच आपली उष्णता सोडते. इडलीपात्राचं झाकण काढताना हात कसा पोळतो, तसंच.

मी रत्नागिरीचा. जुलैत इथे तंबाखू उघडी ठेवली तर वाळायच्या ऐवजी आणखी सादळते. म्हणून स्टीलच्या ताटलीत पातळ पसरून जुन्या पिवळ्या बल्बखाली अर्धा तास ठेवतो. चिमटीत दाबून सोडायची. गोळा तसाच राहिला तर ओली आहे, चुरा झाला तर जास्त वाळली. हळूहळू उलगडली की भरायची.

संत्रानगरी
पूर्ण असहमत. असाच सल्ला ऐकून मी मे महिन्यात नागपुरात तंबाखू वाळवत होतो. इथे ती वाळवावी लागत नाही, डबा उघडा राहिला तरी दोन दिवसांत चुरचुरते. भुशासारखी भडकायची. माझ्या ब्रायर लाकडाच्या पाइपच्या तळाशी बाहेरून काळा ठिपका दिसला, नखाने दाबला तर मऊ लागला. चार दिवसांनी तिथे आरपार भोक! वडिलांनी दिलेला पाइप होता तो.

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 540 कॅलरी लागतात आणि त्या निखाऱ्यातूनच जातात. म्हणजे ओल हा आगीचा लगाम आहे. खरा दोष आपल्या झुरक्यांचा. युरोपात सावकाश पाइप ओढण्याच्या स्पर्धा होतात. सगळ्यांना एकच तंबाखू, 3 ग्रॅम, दोन काड्या. तेवढ्यावर कसलेले लोक दोन तासांच्या वर जातात आणि बाकीच्यांचा पाइप केव्हाच विझतो. तंबाखू तीच, ओल तीच, फरक फक्त श्वासाचा. बाउल, म्हणजे तंबाखू भरतो ती वाटी, गालाला लावून बघा. चटका बसला तर खाली ठेवा आणि विझू द्या.

माणदेशी
माझे आजोबा चिलीम ओढायचे. छापी, म्हणजे चिलमीचं फडकं, पाण्यात भिजवून, पिळून चिलमीच्या खालच्या टोकाला गुंडाळायचे. वरचा निखारा कोरडा आणि धूर ओल्या फडक्यातून थंड होऊन तोंडात. ओल हवी ती धुराच्या वाटेवर, आगीत नव्हे. डब्लिनच्या पीटरसनने 1890 साली पेटंट घेतलेल्या पाइपमध्येसुद्धा थेंब साठायला वेगळी खळगी आहे, म्हणजे पाणी धुरातून बाजूला काढायचीच सोय. मी कातळसडांच्या बाजूने.

फक्त दोघांनीही पाइपला सुट्टी द्यायचं सांगितलं नाही. ब्रायर ओल शोषतो. लागोपाठ दोनदा भरला तर तंबाखू कितीही वाळवा, गुरगुरणारच. एक दिवस तरी मध्ये जाऊ द्या. आणि आतला काजळीचा थर खरवडून टाकू नका, साधारण एक मिलिमीटर राहिला की लाकूड वाचतं.

निवृत्त परिचारिका
मी तोंडाच्या कर्करोगाच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते. धूर थंड केला म्हणजे तो निरुपद्रवी होत नाही. छातीत न घेताही पाइपचं निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शरीरात जातं, आणि ओठ, जीभ, घसा यांच्या कर्करोगाचा धोका राहतोच. तुम्ही सगळे "जीभ पोळते" असं सहज लिहिताय, त्याची मला काळजी वाटते. पांढरा किंवा लाल चट्टा, व्रण दोन आठवड्यांत गेला नाही तर पोळलंय म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना जीभ दाखवा.

कातळसडा
ताई, पटलं. तोंड तपासायला कोणी सांगितलंच नव्हतं, या आठवड्यात जातो.

संत्रानगरी, पाइपचं वाचून वाईट वाटलं. "वाळवा" हा सल्ला मी कोकणातल्या हवेत बसून दिला हे मान्य. नागपूरच्या उन्हाळ्यात उलट करावं लागेल. तंबाखू वाडग्यात ठेवून वर ओलं फडकं ताणून बांधा, फडकं तंबाखूला टेकू देऊ नका. बटाट्याची फोड मात्र घालू नका, बुरशी येते.

पण ओल म्हणजे लगाम, हे मी मानत नाही. उष्णता निखाऱ्यातून गेली तरी ती वाफेबरोबर माझ्या जिभेवरच येते.

संत्रानगरी
जोरात ओढलं तरच येते. सावकाश ओढलं की ती वाफ नळीतच निवते, पाइप क्लीनर घातला की ओला निघतो तो त्यामुळेच. फडक्याचं आज रात्री करून बघतो.