उन्हात काळ्या होणाऱ्या काचा कोणाला सुचवाव्यात आणि कोणाला सुचवू नयेत?

प्रश्न (नवी तपासनीस)

दृष्टितपासणीचे शिक्षण पूर्ण करून मी दीड वर्षापूर्वी चष्म्याच्या दुकानात तपासणीचे काम सुरू केले. नंबर काढून झाला की प्रत्येक रुग्णाला फोटोक्रोमिक काचा, म्हणजे उन्हात काळ्या होणाऱ्या आणि सावलीत पुन्हा पारदर्शक होणाऱ्या काचा, सुचवायच्याच, असा आमच्याकडे दंडक आहे. मला स्वतःला या काचा मनापासून आवडतात, आणि म्हणूनच त्या घेऊन नाराज झालेला माणूस परत आला की फार वाईट वाटते.

गेल्या काही महिन्यांत अशा तीन तक्रारी आल्या. एका गृहस्थांचे म्हणणे असे की, समोरून ऊन येत असतानाही मोटार चालवताना काचा काळ्या होतच नाहीत. एका बाईंनी सांगितले की, हिवाळ्यात छान गडद होणाऱ्या काचा ऐन उन्हाळ्यात, म्हणजे खरी गरज असते तेव्हाच, फिक्या राहतात. तिसरे सत्तरी ओलांडलेले आजोबा. ते भर दुपारी बाहेरून आले, अंधाऱ्या जिन्यावर त्यांना पायरी दिसली नाही आणि कठडा हाताशी होता म्हणून पडता पडता वाचले. तिघांचेही नंबर मी पुन्हा तपासले, ते अचूक होते. काचांमध्येही दोष नव्हता. पहिल्या दोघांचे समाधान मी कसेबसे केले, पण आजोबांचा प्रसंग मनातून जात नाही, कारण त्या काचा मीच सुचवल्या होत्या.

अनुभवी मंडळींना विचारायचे आहे की या काचा सरसकट सर्वांना सुचवणे योग्य आहे का. तुम्ही त्या सुचवण्याआधी रुग्णाला काय विचारता आणि काय सांगता? दुकानातल्या अतिनील दिव्याखाली काच काळी करून दाखवण्याविषयी तुमचे मत काय आहे?

उत्तर १ (काउंटरवरून)

चष्मे देण्याच्या कामात माझी पंचवीस वर्षे गेली. सरसकट कोणतीच काच सुचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काचेचे नाव तोंडातून काढण्याआधी मी माणसाला त्याचा दिवस विचारतो: सकाळी घराबाहेर केव्हा पडता, उन्हात सलग किती वेळ असता, आत-बाहेर किती वेळा करता, वाहन चालवता का, आणि चालवत असाल तर दुचाकी की मोटार. दिवसातून वीस वेळा आत-बाहेर करणारा माणूस, मग तो टपाल वाटणारा असो, बांधकामावर देखरेख करणारा असो की मैदानावर मुलांना खेळवणारा शिक्षक असो, या काचांचा खरा धनी आहे. त्याला दोन चष्मे बाळगणे आणि दर वेळी बदलणे शक्यच नसते.

याउलट जो घरातून मोटारीत, मोटारीतून कार्यालयात आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत जातो, त्याचा संबंध उन्हाशी येतो तो मुख्यतः मोटारीच्या समोरच्या काचेतून. ही काच दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून बनवलेली असते आणि ती जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते. ज्या किरणांमुळे चष्म्याची काच काळी व्हायची तेच आत पोहोचत नाहीत, मग ती काळी होणार कशी? तुमच्या पहिल्या रुग्णाची तक्रार खरी आहे, आणि ती काचेची नसून आपल्या न सांगण्याची आहे. अशा माणसाला मी साधी पारदर्शक काच आणि वाहन चालवण्यासाठी नंबरचा वेगळा पोलराइज्ड गॉगल सुचवतो, कारण रस्त्यावरून आणि समोरच्या वाहनांवरून परावर्तित होणारी तिरीप पोलराइज्ड काचच अडवते. साधी फोटोक्रोमिक काच केवळ गडद होते, ती तिरीप निवडून गाळत नाही. दृश्य प्रकाशालाही थोडा प्रतिसाद देणाऱ्या आणि त्यामुळे मोटारीतही काही प्रमाणात गडद होणाऱ्या काचा मिळतात, पण त्यांच्यात घरातही हलकी छटा शिल्लक राहते. ती छटा चालेल का, हे आधी विचारून घ्यावे.

अतिनील दिव्याखाली काच जरूर दाखवावी. मात्र दिवा बंद केल्यावर दुसऱ्या कामाकडे वळू नये. काच पूर्ववत पारदर्शक होईपर्यंत ती रुग्णाच्या हातातच राहू द्यावी, म्हणजे काळी व्हायला अर्धा-एक मिनिट पुरते, पण निवळायला कितीतरी जास्त वेळ लागतो, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. ती चार-पाच मिनिटे मला शंभर वाक्यांहून मोलाची वाटतात.

उत्तर २ (भिंगशाळा)

मी काचा तयार करण्याच्या बाजूने लिहितो. तुमच्या दुसऱ्या रुग्ण बाईंना जे दिसले ते अगदी बरोबर आहे आणि त्याचे कारण काचेच्या रसायनात आहे.

पहिल्या फोटोक्रोमिक काचा १९६० च्या दशकात अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम आर्मिस्टेड आणि डोनाल्ड स्टूकी यांनी तयार केल्या. त्या खऱ्या काचेच्या होत्या आणि त्यांच्यात सिल्व्हर हॅलाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असत. आज आपण ज्यांना सवयीने ‘काचा’ म्हणतो त्या बहुतेक प्लॅस्टिकच्या असतात आणि त्यांच्यात नॅफ्थोपायरानसारखे सेंद्रिय रेणू असतात. अतिनील किरण पडला की या रेणूतील एक बंध सुटतो, रेणू पसरट होतो आणि दृश्य प्रकाश शोषू लागतो. हा उघडलेला रेणू पुन्हा मिटतो तो मुख्यतः उष्णतेमुळे. म्हणजे एका बाजूने ऊन रेणू उघडत असते आणि दुसऱ्या बाजूने उष्णता ते मिटवत असते, आणि त्या दोहोंचा जिथे समतोल होतो तेवढीच काच गडद दिसते. कडक उन्हाळ्यात मिटण्याचा वेग वाढतो, म्हणून काच फिकी राहते. बर्फाळ प्रदेशात हवा थंड आणि अतिनील किरण भरपूर असल्यामुळे तीच काच सर्वांत गडद होते. माहितीपत्रकातील गडदपणाचे आकडे साधारणपणे २३ अंश सेल्सिअस तापमानाचे असतात, हे रुग्णाला आकडा दाखवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. या नियमाची दुसरी बाजू अशी की थंडीत काच निवळायलाही जास्त वेळ लागतो.

दुकानात वारंवार होणाऱ्या एका चुकीकडेही लक्ष वेधतो. एकच काच फुटली किंवा एकाच डोळ्याचा नंबर बदलला, तर दोन्ही काचा बदलाव्यात. या रेणूंची ताकद वापराने हळूहळू उतरते, दोन-तीन वर्षांत काच पूर्वीइतकी गडद होईनाशी होते आणि पुष्कळदा पारदर्शक अवस्थेतही पिवळसर झाक धरते. जुन्या काचेशेजारी नवी काच बसवली की उन्हात एक डोळा काळा आणि एक करडा दिसतो. जाड वजा नंबर असणाऱ्याला खऱ्या काचेचे फोटोक्रोमिक भिंग देऊ नये, हेही सांगून ठेवतो. रंग बदलणारे स्फटिक संपूर्ण जाडीत असल्यामुळे कडा गडद आणि मध्य फिका होतो. आजच्या बहुतेक प्लॅस्टिक भिंगांत हे रेणू पृष्ठभागाजवळच्या एकसारख्या थरात असतात, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

उत्तर ३ (अकरा वर्षे वापरणारा)

मी या व्यवसायातला नाही, पण हीच काच मी सलग अकरा वर्षे वापरतो आहे, आणि वरील उत्तरे वाचून कोणी या काचांना बिचकू नये असे वाटते म्हणून लिहितो. त्याआधी माझ्याकडे नंबरचा वेगळा गॉगल होता. तो नेहमी ज्या ठिकाणी हवा असे तिथे सोडून इतर सर्व ठिकाणी असे. डोळ्यांवर जो चष्मा प्रत्यक्ष असतो तोच उन्हापासून वाचवतो. चांगल्या फोटोक्रोमिक काचा पारदर्शक असतानाही अतिनील किरण अडवतात, हे मला कोणी आधी सांगितले असते तर मी त्या कितीतरी आधी घेतल्या असत्या. मला त्रास फक्त एका गोष्टीचा झाला: बाहेर काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात माझे डोळे काळ्या काचांमागे आहेत, लेकीच्या लग्नातल्यासुद्धा. काउंटरवर बसणाऱ्यांनी हेही सांगावे, कारण काहींना त्याचे खरोखर वाईट वाटते.

उत्तर ४ (नेत्ररोगतज्ज्ञ)

आजोबांच्या प्रसंगाविषयी लिहिणे मला अत्यावश्यक वाटते. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर होते, त्यामुळे तरुणाच्या तुलनेत फार कमी प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. उजेडातून अंधारात आल्यावर दृष्टी स्थिरावण्यासही जास्त वेळ लागतो. मुळात मंद झालेल्या या डोळ्यासमोर अजून न निवळलेली काच आली, की दोन्हींचा उशीर एकाच क्षणी एकत्र होतो, आणि तो क्षण नेमका उंबरठ्यावरचा किंवा जिन्यावरचा असतो. काचबिंदू, दृष्टिपटलाचा आजार किंवा वाढलेला मोतीबिंदू असल्यास धोका आणखी वाढतो. म्हणून साठीनंतरच्या प्रत्येक रुग्णाला घरातील जिना, उजेड आणि पूर्वीच्या पडझडीविषयी विचारल्याशिवाय या काचा सुचवू नयेत.

तुम्हाला एक विचारतो: त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल, म्हणजे एकाच भिंगात दूरचा आणि वाचनाचा असे दोन्ही नंबर असलेला, होता का?

प्रकाश सहन होत नाही म्हणून जो रुग्ण स्वतःहून काळ्या काचा मागतो, त्याच्याबाबतीत आधी कारण शोधावे. हा त्रास नव्याने सुरू झाला असेल आणि सोबत डोळा लाल असेल, दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल, तर काच विकण्याऐवजी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. बुबुळाची जखम किंवा डोळ्याच्या आतील दाह अशाच रूपाने समोर येतो. घरातील दिव्यांचाही त्रास होणाऱ्याला फोटोक्रोमिक काच फारशी उपयोगी पडत नाही, कारण घरात ती काळी होतच नाही, आणि घरात सतत काळा चष्मा लावल्याने डोळा अंधाराला सरावतो व प्रकाशाचा त्रास उलट वाढतो. मुलांना मात्र या काचा मी आवर्जून सुचवतो. त्यांची बाहुली मोठी आणि भिंग स्वच्छ असल्यामुळे अतिनील किरण आत खोलवर जातात, आणि मैदानावर दुसरा चष्मा सांभाळणे त्यांना जमत नाही. सूर्यग्रहण पाहण्यासाठी किंवा वेल्डिंगसाठी ही काच मुळीच चालत नाही, हेही मुलांना आणि कामगारांना स्पष्ट सांगावे.

प्रश्नकर्तीचे पुन्हा (नवी तपासनीस)

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, आजोबांचा चष्मा प्रोग्रेसिव्हच आहे. हे मी लक्षातच घेतले नव्हते. आता त्यांच्यासाठी काय करावे?

उत्तर ४ (नेत्ररोगतज्ज्ञ)

मग त्यांना पायरी दोन कारणांनी दिसली नाही. जिन्यावर आपण खाली पाहतो तेव्हा नजर भिंगाच्या खालच्या, वाचनाच्या भागातून जाते. तो भाग हातातील पुस्तकाच्या अंतरासाठी जुळवलेला असतो आणि पायरी त्याच्या कितीतरी पलीकडे असते, म्हणून ती धूसरच दिसते. त्यात काळ्या काचेची भर पडली. त्यांना बाहेर वावरण्यासाठी केवळ दूरच्या नंबरचा, परावर्तनरोधक कोटिंग असलेला पारदर्शक चष्मा द्या. उन्हासाठी त्यावर अडकवायची गडद क्लिप आणि रुंद काठाची टोपी पुरेशी आहे, कारण क्लिप दारातच एका हाताने वर उचलता येते. सध्याचा प्रोग्रेसिव्ह चष्मा घरात बसून वाचायला राहू द्या.

उत्तर १ (काउंटरवरून)

याला एक जोडतो. नवा चष्मा देताना आजोबांसोबत घरचे कोणी असेल तर त्यांनाही समोर बसवा आणि जिन्यावरचा दिवा दिवसाही लावून ठेवायला सांगा. आणि आधीच्या काचा सुचवताना हे विचारायचे राहून गेले होते, हे आजोबांना स्वतः सांगा. मला एकदा असे सांगावे लागले होते. त्या बाई आजही चष्म्यासाठी माझ्याकडेच येतात.