मदत हवी आहे : आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) उभ्या असलेल्या ट्रॅक्टरमध्ये उंदरांचा उच्छाद, विष न घालता काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. मी नोकरीपायी पुण्यात, आई गावी, वावर मी आणि चुलत भाऊ मिळून बघतो. वडिलांनी 2009 साली घेतलेला ट्रॅक्टर आखाड्यावरच्या पत्र्याच्या शेडात असतो. दिवाळीच्या आगेमागे ज्वारी-हरभऱ्याची पेरणी उरकली की उभा राहतो, तो थेट नांगरटीलाच हलतो. मधले चार-साडेचार महिने त्याला कुणाचा हात लागत नाही आणि तेवढ्यात उंदरं आत संसार मांडतात.

यंदा मार्चअखेरीला सेल्फ मारला तर नुसता टक् आवाज. बॅटरी चार्ज करून आणली, कसाबसा चालू झाला, पण काळा धूर आणि ओढ अजिबात नाही. मिस्त्रींनी एअर फिल्टरचं झाकण काढलं. आत सीटच्या स्पंजचे तुकडे, गोणपाटाचे दोरे, आईच्या जुन्या लुगड्याची निळी किनार, करडईची टरफलं, आणि मधोमध पाच पिल्लं. बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली. आईनं ती पिल्लं घरट्यासकट सुपात उचलून बांधावर नेऊन ठेवली.

मग बोनेटखाली बघितलं. डायनामोकडं जाणाऱ्या वायरीचं वरचं रबर वीतभर सोललेलं, आतलं तांबं उघडं पडून इंजिनाला टेकलेलं. दोन जागी तर वायरीच तुटलेल्या. मिस्त्री म्हणाले, बॅटरी उतरलेली होती म्हणून वाचलात, नाहीतर शेजारी कडब्याची गंजी आहे. ते ऐकून माझे हातपाय गार पडले. आई आखाड्यावर एकटी झोपते.

वायरिंगला 6,500 रुपये लागले. गेल्या वर्षीही असंच झालं होतं, तेव्हा नुसते तुकडे जोडून घेतले होते.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. डांबरगोळ्या बांधल्या. उघड्या शेडात वास महिनाभरही टिकत नाही, पुडी टांगली होती तिथेच लेंड्या सापडल्या. तंबाखूची पानं ठेवली, फरक शून्य. आवाजाचं ते विजेवरचं यंत्र मागवलं, पण आखाड्यावर लाईट असते कधी आणि नसते कधी. लाईट असतानाही उंदरं त्याच्यासमोरून जाताना भावानं पाहिली.

विष मात्र मला नको आहे, त्याचं कारण सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी दुकानातून ब्रोमाडिओलोनच्या वड्या आणून टाकल्या होत्या. उंदीर कमी झाले. पण पंधरा दिवसांत गोठ्याच्या माळवदाच्या सांदीत राहणारं गव्हाणी घुबड खाली मरून पडलेलं सापडलं. ही वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि घुबडाला, मांजराला नेमका तोच आयता मिळतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. लोक घुबडाला अशुभ म्हणायचे, पण वडील त्याला कुणाला खडा मारू द्यायचे नाहीत. "ते हाय म्हणून कणगी हाय" असं म्हणायचे. वडील गेल्यावर वर्षभरात माझ्या हातून हे झालं. तेव्हापासून उंदरं दुपटीनं वाढलीत असं आई म्हणते.

शेडाची रचना अशी : तिन्ही बाजूंनी पत्रा, पुढून उघडं. खाली मातीच. उजवीकडं सोयाबीनची पोती (दर वाढायची वाट बघत ठेवलेली), त्यामागं घाण्यावर तेल काढायला ठेवलेली करडई. डावीकडं बाहेर कडबा. नवं शेड बांधायची ऐपत सध्या नाही. कुणी असा ट्रॅक्टर चार महिने सुखरूप ठेवला असेल तर नेमकं काय केलं ते सांगा.

प्रतिसाद (औसा, जि. लातूर)

दादा, मी वायरिंगचंच काम करतो. पहिलं म्हणजे उभा करताना बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा. जमलं तर बॅटरीच घरात न्या. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, तो कुरतडल्याशिवाय राहूच शकत नाही, म्हणून वायर कधीतरी सोलली जाणार हे धरूनच चाला. करंटच नसेल तर ठिणगी पडायची नाही.

वायरीवर प्लास्टिकची नळी घालू नका, ती एका रात्रीत जाते. लोखंडी लवचिक पाईप मिळतो, त्यातून वायरींचा जुडगा घ्या. सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा पालथा घाला. एअर क्लीनरच्या तोंडाला पाव इंची लोखंडी जाळी तारेनं आवळा. लहान उंदीर अर्ध्या इंचाच्या भोकातून सहज जातो. आणि एक लाल चिंधी स्टेअरिंगला बांधून ठेवा, म्हणजे डबा काढल्याशिवाय कुणी सेल्फ मारणार नाही. बोनेट उघडं ठेवा, उंदराला अंधारी बंद जागा लागते.

घरटं कोरडं झाडू नका, हवा तर मारूच नका. ब्लिचिंगचं पाणी शिंपडून ओलं करा, हातमोजे घाला. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) होतो.

प्रतिसाद (अंबाजोगाई)

भाऊ, तुम्ही टरफलं करडईची म्हणालात आणि करडई त्याच शेडात आहे म्हणालात. उंदीर ट्रॅक्टरसाठी आलाच नाही हो. तो खायला पोत्यांकडं येतो, बाळंतपणाला ट्रॅक्टरमध्ये जातो. करडई पत्र्याच्या कोठीत भरा, घरात न्या. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे मागं बघता येतं. कडब्याची गंजी तर तिथून हलवाच.

पिंजरे मधोमध नका ठेवू. उंदीर भिंतीला अंग घासत पळतो, भिंतीला चिकटून लावा. शेंगदाण्याचा कूट गुळात मळून गोळी करा. पहिले दोन-तीन दिवस दार बांधून उघडंच ठेवा, खाऊ द्या, मग लावा. बिळं बाटलीच्या काचा कुटून सिमेंटात कालवून बुजवा, आमच्या सासऱ्यांची रीत आहे. आणि लेंड्या केवढ्या आहेत ते सांगा. तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर घरातला लहान उंदीर, बोराच्या बीपेक्षा मोठ्या असतील तर मोठी जात, मग पिंजराही मोठा लागेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. करडईचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, वडील असल्यापासून ती तिथंच ठेवतो. लेंड्या तांदळाएवढ्याच आहेत.

शनिवारी गावी गेलो होतो. करडई कोठीत भरली, कोठी आईच्या खोलीत. गंजी दोन दिवस लागून बांधापलीकडं हलवली, तळाशी बिळंच बिळं निघाली. चार पिंजरे लावलेत, भाऊ सांगतो नऊ दिवसांत चौदा उंदीर सापडले, गेले दोन दिवस मात्र रिकामेच आहेत. लोखंडी पाईप परभणीहून आणला आहे, नांगरट संपली की जुडगा त्यात घालून घेतो.

आता एकच विचारायचं राहिलं. गोठ्यामागच्या चिंचेवर घुबडासाठी लाकडी खोकं बांधायचं आहे. कुणी बांधलं असेल तर किती उंचीवर, तोंड कोणत्या दिशेला ठेवलं आणि घुबड यायला किती दिवस लागले, ते लिहा.